पहिलं ‘पुरे’

माझ्या उजव्या हाताला दीड वर्ष सरकारी क्रमांक होता. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ‘प्रमाण हात, क्रमांक एक’ अशी त्याची नोंद होती. दुकानातली मापं खरी की खोटी हे तपासायला सरकारदरबारी एक अस्सल माप ठेवलेलं असतं, तसा हा हात. राज्यातल्या वसतिगृहांत, कारखान्यांत, वृद्धाश्रमांत जी यंत्रं माणसांना जेवायला वाढणार होती, ती सगळी या हाताबरहुकूम वाढणार होती. तो क्रमांक मी स्वतःच्या तोंडानं रद्द करून घेतला. का, ते सांगते.

मी रत्नप्रभा कोरे. मिरजेत रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत बत्तीस वर्षं खानावळ चालवते. मला सगळे प्रभाक्का म्हणतात. चाळीस पानं ठरलेली, त्यावर एक नाही. नर्सा, लॅबवाले, एक्स-रेवाले, शिकाऊ डॉक्टर. भाकरी, आमटी, एक पालेभाजी, एक उसळ, भात, ताक. आता सगळीकडे आपलं आपण घ्यायची पद्धत आली आहे, पण माझ्याकडे ती चालत नाही. बसलेल्यानं जेवायचं आणि उभं असलेल्यानं वाढायचं, स्वतःच्या हातानं वाढून घ्यायचं नाही, ही आमच्या आईची रीत. मीही घेत नाही.

वाढणं हे काम दिसतं सोपं. वाढणाऱ्याला भाजी कमी आणि माणूस जास्त कळावा लागतो. त्यातही अवघड एकच शब्द, ‘पुरे’. आमच्याकडे पुरे म्हणजे पुरे नसतं. हात आडवा धरून माणूस पुरे म्हणतो आणि डोळा भाकरीच्या टोपलीवर असतो. नव्या पोरींना मी शिकवायची, “पहिलं पुरे लाजेचं, दुसरं पोटाचं, तिसरं रागाचं. पहिलं ऐकायचं न्हाई, दुसरं ऐकायचं, तिसरं यायच्या आत सरकायचं.” हसायच्या. पण मी चाळीस माणसं याच हिशेबानं जेवू घातली.

डॉक्टर इरफान मुजावर हा माझ्याच पानावर जेवून डॉक्टर झालेला. पुढे तो वजनाच्या संशोधनात शिरला. एका दुपारी, सगळी जेवून गेल्यावर, तो आला आणि जेवायला न मागता समोर बसला, तेव्हाच मला शंका आली.

“आक्का, रुग्णालयातल्या दोन हजार माणसांची वर्षावर्षाची वजनं मी बघत होतो,” तो म्हणाला. “सगळ्यांची चढतायत. रात्रपाळी, ताण, बाहेरचं खाणं. फक्त चाळीसभर माणसांची वजनं दहा-दहा वर्षं जागची हललेली नाहीत. मला वाटलं, काहीतरी जनुकांत असेल. निघालं काय? ती सगळी तुमच्याकडं जेवतात.”

“मग? जेवणात काय घालतोय म्हनून आला व्हय बघायला?”

“जेवण साधंच आहे. तुमचा हात बघायला आलोय.”

मग त्यानं समजावलं, ते मला पटलं म्हणून सांगते. वजन राखायचं म्हणजे रोज जेवढं खर्चतो तेवढंच पोटात जायला हवं. चूक फार मोठी लागत नाही. रोज अर्धी भाकरी जास्त गेली की दोन-तीन वर्षांत पाचेक किलो चढतात. मग वजन तिथं थांबतं, कारण जड शरीराला चालायला-बसायलाही जास्त लागतं, आणि ती अर्धी भाकरी त्या वाढीव खर्चात जिरते. कमी गेली तर हेच उलट्या दिशेनं. शरीर खालचा तोल धरून बसतं आणि माणसाला वाटतं आपली अंगकाठीच अशी.

“आता गंमत बघा,” मुजावर म्हणाला. “माणसाला स्वतःची भूक कळते हा आमचा गैरसमज होता. आपल्याकडं ताटात टाकत नाहीत. जेवढं वाढलं तेवढं माणूस संपवतो आणि त्यालाच भूक म्हणतो. म्हणजे वजन त्याच्या पोटात नसतंच. ते वाढणाऱ्याच्या हातात असतं.”

हे ऐकून मी फुगले, खोटं कशाला बोलू? बत्तीस वर्षं चुलीपाशी घालवलेल्या बाईला कुणी तरी सांगत होतं की तुझ्या हातात शास्त्र आहे.

त्यानं माझ्या मनगटात एक कडं घातलं, पळीला नवा दांडा बसवला, प्रत्येक पानाखाली पातळ चकती ठेवली आणि उंबऱ्याशी एक फरशी बदलली. फरशी आत येणाऱ्याचं वजन घ्यायची, चकती ताटात काय किती पडलं ते टिपायची, कडं हाताची चाल लक्षात ठेवायचं आणि छताला लावलेला कॅमेरा जेवणाऱ्याचा आवाज, बसणं, मान. हे सगळं एका यंत्राच्या डोक्यात जाणार होतं. यंत्राचं नाव त्यांनी ‘वाढपी’ ठेवलं. त्याला स्वयंपाक येणार नव्हता, त्यानं फक्त वाढायचं होतं. पण नुसतं वजनकाट्यासारखं नाही. मुजावर म्हणाला, काट्यानं मोजून वाढलेलं माणसं खात नाहीत, बाहेर जाऊन वडा खातात. माणसाला आपल्याला आग्रह झाला असं वाटायला हवं आणि तरी पोटात मापातच जायला हवं. ते माझ्याकडून शिकायचं.

एस्तेर साळवे म्हणून आमच्या एक सिस्टर आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी ताटावर हात धरला. “पुरे आक्का, पुरे.”

मी अर्धी भाकरी घातलीच.

“दुसरं पुरे म्हटलं असतं तर?” मागून मुजावरनं विचारलं.

“दुसरं म्हनल्याच न्हाईत की. सकाळी दोन ऑपरेशनांत उभ्या हुत्या त्या. खांदे बघा.”

त्यानं ते लिहून घेतलं. मी चार महिने ते कडं घातलं. शेवटच्या पानापर्यंत काढायचं नाही, असं त्याचं सांगणं होतं.

शेवटची पानं दोन, माझं आणि गिरिजाचं. गिरिजा ही माझ्या धाकट्या भावाची, बसवराजची बायको. बसू सात वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा मी चौदाची. मीच त्याला भरवून मोठा केला. लग्न केलं नाही, राहून गेलं. बसूनं पुढे मोटारी रिवाइंड करायचं दुकान काढलं, गिरिजाशी लग्न झालं, मूलबाळ झालं नाही. दुपारी तो माझ्याकडे जेवायचा, रात्री घरी. शेचाळिसाव्या वर्षी दुकानातच छातीत कळ येऊन गेला. तेव्हा त्याचं वजन एकशेबारा होतं.

तेराव्याला, माणसं उठून गेल्यावर, मी गिरिजाला म्हणाले होते, “तुझ्या हातानं गेला गं माझा भाऊ. नवऱ्याला किती वाढावं कळलं न्हाई तुला.” ती मान खाली घालून ताटं उचलत राहिली.

नंतर मीच तिला खानावळीत घेऊन आले. एकटी बाई कुठं जाणार? सगळ्या गल्लीनं माझं नाव काढलं, नणंद असावी तर अशी. मीही परत तो विषय काढला नाही. विषय काढला नाही म्हणजे माफ केलं, अशी माझी समजूत होती. नऊ वर्षं आम्ही एका छताखाली राहिलो. सगळ्यांचं झालं की दुपारी तीनला आणि संध्याकाळी दिवेलागणीला मी तिला वाढायची. मग मी, त्या चार महिन्यांत कडं काढून, पानावर बसायची आणि ती मला वाढायची.

वाढपी तयार झाला. मुजावरनं त्याचा व्हिडिओ आणून दाखवला. लांब बाक, माणसं बसलेली, वरून रुळावरून सरकणारा एक हात. हात कसला, पितळी पळी धरलेला दांडा. पण तो ताटापाशी येऊन जसा क्षणभर थबकायचा आणि मग वाढायचा, ते बघून मला स्वतःलाच ओळखीचं वाटलं. तीन वसतिगृहांत चाचणी सुरू झाली. पुण्याहून अभिनंदनाचं पत्र आलं. त्यात ‘आदर्श वाढणी’ असा शब्द होता, तो मी एस्तेर सिस्टरांना दोनदा वाचून दाखवला.

पाच महिन्यांनी मुजावर परत आला. या खेपेलाही त्यानं जेवायला मागितलं नाही.

“आक्का, वाढपीला एक खोड लागलीय.”

“कसली?”

“काहीजणींना तो कमी वाढतोय. तीनशेबारा जणांत सतरा. सगळ्या बायका. चार-चार, पाच-पाच किलोंनी उतरल्यात. एक तर जिन्यात चक्कर येऊन पडली, हात मोडला तिचा.”

“आनि त्या सांगत न्हाईत व्हय, कमी पडतंय म्हनून?”

“त्याच तर त्या सतरा आहेत, आक्का. न सांगणाऱ्या. कडेला बसतात, हळू बोलतात, वर बघत नाहीत. बाकी सगळ्यांचं पहिलं पुरे वाढपी कानाआड करतो, अगदी तुमच्यासारखं. या सतराजणींचं मात्र लगेच ऐकतो. पहिल्याच पुरेला हात मागं घेतो.”

“हे माझं न्हवं,” मी म्हणाले. “मी असं कुनाचं ऐकत न्हाई.”

मुजावर मग म्हणाला, “यंत्र स्वतःच्या मनानं काही करत नाही. त्याला कारण कळत नाही, नुसती खूण कळते. चार महिन्यांत त्यानं कुठं तरी अशी खूण बघितली असणार. म्हणून मी तुमचं सगळं चित्रण परत बघितलं.”

त्यानं भिंतीवर ते लावलं. चेहरे झाकलेले होते. फक्त ताटं, आणि माझा हात. एक-एक पान सरकत गेलं. पुरे म्हटलं की हात क्षणभर थबकायचा आणि वाढायचा. चाळीस पानं तशीच गेली. एक्केचाळिसाव्या पानावर बारीक आवाज आला, “पुरे, वन्सं.” हात थांबला. भाकरी टोपलीत परत गेली. त्यानं दुसरा दिवस लावला. पुरे, वन्सं. हात थांबला. तिसरा दिवस. चौथा. मुजावरनं बंद केलं तोवर मी किती बघितले कुणास ठाऊक.

“दोनशेएकोणचाळीस जेवणं,” तो म्हणाला. “एकदाही दुसरं पुरे आलेलं नाही. कारण दुसऱ्याची वेळच आली नाही.”

“ती खातच कमी. तिची अंगकाठीच तशी हाय.”

मुजावरनं पिशवीतून गिरिजाचं आरोग्य कार्ड काढलं. अन्न हाताळणाऱ्यांची दरवर्षी तपासणी होते, त्यात वजन लिहितात. खानावळीत आली त्या वर्षी छप्पन्न. मग बावन्न, एकोणपन्नास, शेचाळीस. तिथून पुढे सहा वर्षं शेचाळीस. “त्यांच्या उंचीला सत्तेचाळीसच्या खाली जायला नको,” तो म्हणाला. “चक्र तेच आहे, आक्का. वेळेला अर्धी भाकरी कमी. तीन वर्षांत दहा किलो, मग शरीर थांबलं. सगळ्यांचा तोल सांभाळणारा हात एका माणसाच्या ताटापाशी दर वेळी अर्ध्या भाकरीनं चुकतो. चुकतो म्हणजे, विसरून नव्हे. इतकं नेमकं विसरता येत नाही.”

मला राग आला. आधी त्याचा, मग यंत्राचा. मी त्याला म्हणाले, तुझ्या यंत्राला डावं-उजवं करायला मी शिकवलं न्हाई. त्यानं कार्ड पिशवीत घातलं.

तो गेल्यावर मी मागच्या पडवीत गेले. गिरिजा शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर पाटावर बसले आणि पहिल्यांदा तिचं मनगट नीट बघितलं. दोन बांगड्या होत्या, कोपरापर्यंत सरकत होत्या.

“गिरिजा, मी तुला कमी वाढत आलेय. तुला ठाऊक हाय?”

तिनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. “व्हय.”

“कधीपास्नं?”

“पहिल्या वर्षी वाटलं, दमत असतील, ध्यानात ऱ्हात नसंल. मग सिस्टर लोकांना वाढताना बघितलं. तवा कळलं.”

“मग मागितलं का न्हाईस गं? तोंड न्हाई तुला?”

“मागितलं असतं तर तुम्ही दिलं असतं, वन्सं. तुम्ही काय न्हाई म्हनला असता?” तिनं सूप पाखडलं. “पर मागून घेतल्यालं आन् वाढल्यालं, सारखं नसतंय.”

मी म्हणाले, मी मुद्दाम केलं नाही. ते खरं होतं. एकदाही ठरवून मी तिची भाकरी मागे घेतली नव्हती. ती म्हणाली, “मला म्हाईत हाय ते. मुद्दाम केलं असतं तर मी गेले असते.”

त्या दिवसापासून मी तिला वाढायला लागले. म्हणजे कोंबायलाच लागले. तीन भाकऱ्या, वर तूप, परत आमटी. ती पुरे म्हणायची, मी थांबायची नाही. दोनदा, तीनदा म्हणायची. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ती संपवायची, कारण ताटात टाकायचं नाही. आठव्या दिवशी तिला उलटी झाली. नऊ वर्षं कमी वाढून जे केलं तेच मी आता जास्त वाढून करत होते. माझा जीव हलका व्हावा म्हणून तिच्या पोटावर ओझं टाकत होते.

आणि हात बिघडला. वाढताना मी हाताकडे बघायला लागले. एस्तेर सिस्टरांच्या ताटापाशी मला प्रश्न पडायला लागला, हे पहिलं पुरे लाजेचं म्हणून मी ऐकत नाही, की त्या मला आवडतात म्हणून? लॅबमधल्या कुलकर्ण्याला मी भात बेतानं वाढते, तो त्याच्या पोटाकडे बघून, की तो उद्धट बोलतो म्हणून? उंबऱ्याची फरशी खोटं बोलत नाही. दीड महिन्यात कुणी दोन किलो चढलं, कुणी किलोभर उतरलं. बत्तीस वर्षांत न झालेलं झालं.

पुण्याच्या लोकांनी पडद्यावर बैठक घेतली. मोठ्या अधिकारी बाई फार गोड बोलल्या. त्या म्हणाल्या, “काळजी करू नका, प्रभाताई. एक्केचाळिसावं पान आम्ही नोंदीतून काढून टाकतो. बाकी चाळीस निर्दोष आहेत. तुमचा क्रमांक तसाच राहील.”

मुजावर माझ्याकडे बघत होता. त्याची पाच वर्षं त्या यंत्रात होती, हे मला ठाऊक होतं. आणि माझ्याही आयुष्यात त्या क्रमांकाखेरीज मिरवावं असं दुसरं काही नव्हतं.

“बाई,” मी म्हणाले, “ते पान काढाल, पर हात तोच ऱ्हानार की. तुम्हाला एक सापडलं. मला सोताला नऊ वर्षं सापडलं न्हाई. आनखी कुनाकुनाच्या ताटावर मी काय केलंय, ते मला सांगता यायचं न्हाई. आनि माझा राग राज्यातल्या समद्या गरीब बायकांच्या ताटात कशाला? तो हात पुसून टाका.”

त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं. प्रमाण हात, क्रमांक एक, नोंद रद्द. चाचणी थांबली. त्या सतराजणींची माफी मागणारं पत्र गेलं, त्यावर माझ्या सहीची जागा नव्हती, पण मी पत्र मागून घेऊन सही केली.

मला वाटलं, झालं ते झालं, यापुढे निदान मान वर करून राहता येईल.

चार दिवसांनी मुजावर कडं आणि चकत्या परत न्यायला आला. सामान भरता भरता त्यानं आरोग्य कार्डांचा गठ्ठा चाळला आणि एकदम थांबला.

“आक्का, हे तुमचं कार्ड. नऊ वर्षांपूर्वी एकसष्ट. मागच्या वर्षी एकसष्ट. मधली सगळी साठ-एकसष्ट. मधल्या काळात तुमचा गुडघा बिघडला, फिरणं निम्म्यावर आलं. वजन चढायला हवं होतं, ते तसंच; म्हणजे ताटातलं कुणीतरी तेवढं कमी करत गेलं. मी ह्या चाळीस माणसांत इतकं सरळ कार्ड बघितलेलं नाही.” त्यानं वर बघितलं. त्याचे डोळे चमकत होते. “तुम्ही तर स्वतःला वाढून घेत नाही. मग तुम्हाला कोण वाढतं?”

माझी नजर पडवीच्या दाराकडे गेली.

“गिरिजावहिनी?” तो म्हणाला. “आक्का, मग खरा हात तो आहे! आम्ही चुकीच्या मनगटात कडं घातलं. उपाशी राहूनसुद्धा, तुमच्यावर राग धरायला एवढं कारण असूनसुद्धा, त्यांचा हात घासभर इकडंतिकडं झालेला नाही. कडं आजच त्यांच्या हातात घालू का? विचारता का त्यांना?”

तेराव्याला मी काय बोलले होते ते त्याला माहीत नव्हतं. तो आनंदानं बोलत राहिला आणि मी दुसराच हिशेब करत होते.

गिरिजाचा हात चुकत नाही. मग बसूचं एकशेबारा कुणी केलं? त्याची जेवणं दोन होती. रात्रीचं तिच्या हातचं आणि दुपारचं माझ्या. दीड वाजता तो यायचा, घामेजलेला, तारांच्या वार्निशचा वास येत असलेला, आणि मला तो सात वर्षांचा दिसायचा. आई नसलेला, रात्री उठून भाकरी मागणारा. बाकीच्या माणसांचे खांदे बघून वाढायचं, पण भाऊ होता तो, त्याला काय बघायचं? चार भाकऱ्या. पाच. लोणी. शेंगदाण्याची चटणी, वर तेलाची धार. तो म्हणायचा, “पुरे आक्का. पुरे म्हनतोय न्हवं. आगं खरंच पुरे!” पहिलं, दुसरं, तिसरं. बसूचं एकही पुरे मी ऐकलं नव्हतं.

मुजावरला बसवून मी पडवीत गेले. गिरिजा भांडी पुसून लावत होती.

“गिरिजा, बसूला रात्री तू काय वाढत हुतीस?”

तिनं हातातलं तांब्याभांडं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत मी तिला हे विचारलं नव्हतं. शिक्षा आधी दिली होती, विचारायचं राहून गेलं होतं.

“दीड भाकरी. कवातरी एकच. आमटी, भाजी,” ती म्हणाली. “भात बंद केला हुता म्या. डॉक्टरनी सांगितलं हुतं तसंच.”

“आनि मग दुपारचं?” मी विचारलं. “गिरिजा, तुला ठाऊक हुतं. तेराव्याला मी बोलले तवा बी तुला ठाऊक हुतं. दुपारचं तो काय जेवत हुता, सांग की मला. तू सांग.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते की ती आता बोलेल. बोलायला हवं होतं तिनं. नऊ वर्षांच्या अर्ध्या-अर्ध्या भाकऱ्या माझ्या तोंडावर मारायला हव्या होत्या, मी त्या घेतल्या असत्या. तीन वाजत आले होते. तिनं पदराला हात पुसले, भिंतीला टेकवलेलं माझं ताट घेतलं आणि पाटासमोर मांडलं.

“दुपारचं मला कुठलं ठावं, वन्सं,” ती म्हणाली. “बसा. जेवून घ्या.”